भाडं तसं काही जास्त नाही

...आणि वर मलाच विचारतात, "घर मिळालं ना? मग चेहरा का असा?" अहो, मिळालं! कोण नाही म्हणतंय? पण घर मिळालं म्हणजे नक्की कोणाला मिळालं, हे कुणी विचारतच नाही... तुम्हाला म्हणून सांगतो, आणि मधे बोलू नका, कारण मला पाय पसरून बोलायला मिळतच नाही. आम्ही पाच जण एका खोलीत राहतो, रात्री कूस बदलायची तरी आधी बहुमत लागतं.

तर झालं असं, धाकट्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. या शहरात! गुणवत्ता यादीत, बरं का, वशिल्यानं नव्हे. वसतिगृह गच्च भरलेलं. आणि फोनवर बाबांचं एकच, "राहायची नीट सोय दाखव, पाठवतो पोरीला. तुझ्या त्या पाच टोणग्यांच्या खोलीत पाठवणार नाही. सोमवारी प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे, नाही जमलं तर जागा जाऊ दे." जाऊ दे! वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला पोरीनं, आणि जाऊ दे! मागून तिचा आवाज, "दादा, बघ ना रे काहीतरी..." हे मला कळलं गुरुवारी. आता मुलींच्या शिक्षणावर मी कॉलेजात तीन वर्षं भाषणं ठोकलेली, टेबलावर मुठी आपटून, दोन करंडक आहेत घरी... पण करंडक दाखवून खोली मिळते का? विचारून बघितलं. नाही मिळत.

शुक्रवारी गेलो एजंटकडे. सगळं गाव त्याला काका म्हणतं, त्यानं अजून एकालाही पुतण्या मानलेलं नाही. खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "एक खोली, स्वयंपाकघर, हवा मोकळी. भाडं तसं काही जास्त नाही." तसं म्हणजे कसं? माझा निम्मा पगार! म्हटलं, ठीक आहे, निम्म्यात जगतात माणसं, विचारवंत तर पावातही जगतात. तर म्हणतो, "अनामत सहा महिन्यांची. माझा एक महिना. आणि खोली दाखवण्याचे वेगळे." दाखवण्याचे? खोली आहे की सर्कस? "बघा बुवा, मागे रांग आहे." मागे खरंच रांग होती हो! एक नवरा-बायको माझ्या मानेवर श्वास सोडत उभे होते.

खोली म्हणजे काय सांगू... मध्यभागी उभं राहून हात पसरले की दोन्हीकडे भिंत लागते. काका म्हणाले, "उबदार आहे." एका भिंतीला हे एवढं कपाट, कुलूपबंद. "ते मालकांचं सामान. हात लावायचा नाही." म्हणजे खोलीचा एक तृतीयांश भाग मालकांचा, भाडं माझं! पण "भाडं तसं काही जास्त नाही" ना... म्हणून शनिवारी बाईक विकली, छापखान्यातून उचल घेतली (प्रुफं तपासतो मी तिथे), मित्रांपुढे हात पसरले, आणि रविवारी सकाळी अनामत घेऊन मालकांसमोर हजर.

मालक निवृत्त हेडक्लार्क. आणि तुम्हाला सांगतो, इतका गोड माणूस! "बहीण येणार? येऊ दे की! तुमचंच घर समजा." इथे कुठलाही शहाणा माणूस काय करेल? मान तुकवेल, सही करेल, घरी जाईल. मी? मी उभा राहिलो! म्हणालो, "मालक, तोंडी काही नको. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यात सगळं कसं पारदर्शक हवं. जे असेल ते लेखी हवं!" काकांनी टेबलाखालून मला लाथ घातली. मला वाटलं, शाबासकी देतायत.

अहो, मालकांचे डोळे पाणावले! छत्तीस वर्षं टिपणं लिहिण्यात गेली, निवृत्त झाल्यापासून घरात कुणी भाजीची यादीसुद्धा लिहू देत नाही, आणि इथे एक तरुण स्वतःहून म्हणतोय, लेखी द्या! चष्मा पुसला, पट्टीनं समास आखला, आणि सुरू...

"कलम चार. सामान चढवताना लिफ्टची झीज." अहो, माझी एक ट्रंक आहे! "ट्रंकेनंच झिजते." "कलम सात. वाहनतळ." बाईक कालच विकली, तुमच्याच अनामतीसाठी! "असू दे, जागा तर रिकामी आहे ना? तिचे." "कलम नऊ. घर सोडताना रंग लावून द्यायचा." पण आत्ता भिंतीला रंग आहे कुठे? "म्हणून तर!" आणि प्रत्येक कलमाखाली रेघ मारून मान वर करायची, "भाडं तसं काही जास्त नाही हो, हे आपलं वरचं."

मग आलं कलम बारा. "दुसरा रहिवासी. भाडं दीडपट, पाणी दुप्पट." दुसरा कोण? "तुमची बहीण." अहो, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, येऊ दे की! तर चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि अगदी मायेनं म्हणतात, "ते तोंडी होतं."

मी जिन्यात जाऊन बेरीज केली. पगार संपत होता आणि वर पुढच्या महिन्यातला आठवडा लागत होता. तीनदा केली, तेवढीच येते! तेवढ्यात फोन. "दादा, बॅग भरू ना?" काय सांगू? सांगा ना, काय सांगू? म्हटलं, भर.

आत गेलो तर काका जांभई देत म्हणाले, "एकाचं परवडतंय ना? मग एकालाच ठेव." आणि करारावर बहिणीचं नाव. मालक खूश, "विद्यार्थिनी? फारच छान! शांत असतात." आणि मी? "तुम्ही पाहुणे. कलम तेरा. महिन्याला तीन रात्री, वहीत सही करून." अहो, भाडं मी भरणार आहे! "भरा ना. भाडं कुणीही भरावं, त्याला आमची मुळीच हरकत नाही."

सोमवारी आली. प्रवेश झाला. बाबा खूश, ती खूश, मालक तर इतके खूश की अजून पुरवण्या लिहितायत. मी आपला त्याच पाच जणांत, भिंतीकडची जागा. परवा गेलो, म्हटलं आज राहू या, खिशात दात घासायचा ब्रशसुद्धा नेला होता. पोरगी काय छान राहते! खिडकीत पांढरा गणवेश वाळतोय, पुस्तकं ओळीत... चहा दिला, शेजारी बसली आणि म्हणाली, "दादा, तुझ्या तीन रात्री आत्ताच उधळू नकोस हं. परीक्षेच्या आठवड्यात ठेव, स्वयंपाकाला होतील."

...ठेवल्यात.