दारातली काच

मी फायर डोअर बसवाचं काम काहून सोडलं, विचारत होते ना? वणीच्या एका दवाखान्यात स्टोअररूमले मीच असं दार बसवलं होतं, आग अन् धूर अडवणारं, सर्टिफिकेटवालं. महिन्याभरात तिथल्या सिस्टर कमलताई म्हणाल्या, "भाऊ, आतलं काही दिसत नाही. छोटी काच लावून द्या ना."

दार कापलं की सर्टिफिकेट संपते, मले माहीत होतं. तरी कापलं, साधी काच बसवली.

उन्हाळ्यात स्टोअररूममधली वायर जळाली. काच फुटली, आग-धूर वॉर्डात शिरला. पेशंट सारे वाचले, पण त्यायले बाहेर काढता काढता कमलताईचे दोन्ही हात भाजले.

मी भेटाले गेलतो. त्याच म्हणाल्या, "भाऊ, माफ करा. मीच हट्ट केला तुमच्याजवळ."

अन् मी माफ केल्यासारखी मान डोलावली.