फालाकिकोंचा कान आणि बाईंचा हात

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय पाद्री सेमिसी, व्यासपीठावरचे गावप्रमुख फालाकिको, सत्कारमूर्ती कलोलाइनेबाई, आणि भट्टीतल्या डुकराच्या वासाने केव्हाच बेचैन झालेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी लाविनिया, बाईंची डावखुरी विद्यार्थिनी. बसून करायचा आपला माउलुउलु नाच सगळ्या टोंगाला येतो. ओळीतले सगळे हात एकाच बाजूला जायचे. माझे मात्र उलटे जायचे, आणि वाटेत शेजारच्या मुलाचा कान यायचा. तो कान आज व्यासपीठावर बसला आहे.

मोठी माणसं म्हणाली, "काढा हिला. ओळ बिघडते." मी रडून गोंधळ घातला. बाई काय म्हणाल्या? "ऊठ गं, माझ्या जागी बस, पोरांकडे तोंड करून. आणि तुम्ही रे, हिच्याकडे बघा." समोर बसल्यावर माझा डावा हात त्यांच्या उजव्यासमोर आला, आरशात यावा तसा. ज्या हातामुळे ओळ बिघडत होती, त्याच्याकडेच बघून त्या दुपारी ओळ जमली. कार्यक्रमात आईला फक्त माझी पाठ दिसली, पण ती पाठ तिने गावभर मिरवली.

बाई स्वतः जन्मभर अशाच समोर बसून, मुलांसाठी उलटं करून शिकवत आल्या. त्यांच्या अंगात नाच उलटाच मुरला आहे. आज सत्काराच्या नाचात त्यांना पहिल्यांदाच ओळीत बसायचं आहे. मागच्या आठवड्यात तालमीला बसल्या आणि त्यांचा हात फटकन लागला. कुणाला, सांगायला हवं का? फालाकिको कान चोळत म्हणाले, "बाई, या कानाने कुणाचं काय बिघडवलंय?" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "मला वगळा रे, ओळ बिघडते," म्हणाल्या आणि घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं.

बाई, तुम्हाला ठाऊक नाही, पण तेव्हापासून अख्खी ओळ उलटा नाच शिकते आहे. या उजव्या लोकांचे काय हाल झाले म्हणून सांगू! सकाळी आलेलं संध्याकाळी गुल. अध्यक्ष महाराज, रविवारी प्रवचनात तुमचा डावा हात मध्येच का उठला, ते आज सांगून टाकते. सराव लागला नाही तो फक्त मला.

तेव्हा उठा बाई. मधली जागा तुमची आहे. तुमचा हात जाईल तिकडेच आमचे जातील.

आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. आणि नाचताना चुकून कुणाला लागलंच, तर फालाकिको, तेवढं तुम्ही माफ करा. तुम्हाला सवय आहे.