नकाशावरचं बोरखेडं

निजामाच्या अमलातली धाराशिवची कचेरी. रांगेत उभ्या रेवणप्पाला पुढची म्हातारी अन् कारकून यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"रुद्रम्मा, ह्या नकाशात बोरखेडं न्हाय."

"मग जुना काढा, साहेब. पटकीत गाव उठलं तवा म्या आईच्या कडेवर होते. माझ्या बापाला तिथंच माती दिली. लोक म्हणतात, असं गावच नव्हतं."

कारकुनानं पिवळा पडलेला नकाशा उलगडला.

"हे बघा बोरखेडं. तेरच्या खाली, नदीकाठी. आता ओसाड हाय, वाटबी मोडली."

"नदी हाय न्हवं? कडंकडंनं जाईन."

रेवणप्पाला राहवलं नाही.

"आक्का, म्या तेरचाच. माझ्या गाडीतनं चला."

"तेरपतूर येते, बाबा. फुडं बापाकडं चालतच जाणार."