कपिलीच्या डॉक्टरला लुगडं

आमची कपिली गाय मोठी मानी हो! पुरुषमाणूस जवळ गेला की लाथ झाडायची. सवय सगळी माझ्या लुगड्याची.

एकदा ती विताना अडली. नात गौरीनं मोबाईलवर घोटीच्या दवाखान्यात कळवलं, तर उत्तर इंग्रजीत आलं. मी विचारलं, "गौरे, येणार कोण? बाई का बुवा?"

"आजी, नुसतं 'डॉक्टर इज कमिंग' लिहिलंय. इंग्रजीत ते बाईलाही चालतं नि बुवालाही. कळत नाही."

माझे दीर हसले. "वहिनी, गुरांचा डॉक्टर म्हंजे बुवाच! तुमचं एक लुगडं पेटीतून काढून ठेवा, त्याला नेसवू. नायतर कपिली त्याचे दात पाडील."

ठेवलं काढून. जीप आली, आणि उतरली पँट-शर्टातली पोरगी! कपिलीनं तिचा हात हुंगला नि गप उभी राहिली.

बाह्या सारत डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी वासरू ओढते. दावं धरायला एक दणकट माणूस द्या."

घरात दणकट म्हणजे दीरच. मी लुगडं उचललं. "या भावजी, नेसा."

वासरू सुखरूप निघालं. आता कोणी येणार म्हटलं की भावजीच आधी विचारतात, "वहिनी, बाई का बुवा?"