तात्यांचा 'ने'

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. खांबाआड बसलेल्यांनीही या, आजची गोष्ट कानांची आहे. सुरू करण्याआधी एक प्रश्न. तोंडातून शब्द निघाला, तो मग कोणाचा? बोलणाऱ्याचा, की ऐकणाऱ्याचा?

पुढच्या रांगेतल्या अण्णांनी मान हलवली. उभी हलवली की आडवी, ते मला दिसलं नाही. असू द्या. आजचा सगळा घोटाळा तिथंच आहे.

ऐका तर. भूमध्य समुद्रात ग्रीस देशाचं एक बेट आहे, मिकोनोस. चुन्यानं पांढरी केलेली घरं, निळी दारं, टेकडीवर पवनचक्क्या. जगभरातले श्रीमंत तिथं होड्या घेऊन येतात. येऊन काय करतात? वाळूत पडतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर पापड पडतात ना, तसे. एक बाजू वाळली की उलटायचं, दुसरी वाळवायची.

अशा गावी कोण गेलं? बार्शीचे विश्वंभर खुने. गाव त्यांना तात्या म्हणायचं. वजनमापे खात्यात निरीक्षक होते, तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर गेले, त्या पापडांकडे एकदा पाहिलं आणि बायकोला, म्हणजे कुमुदकाकूंना, म्हणाले, "कापड मापात कमी भरतंय."

"तुम्ही आता रिटायर झालाय," काकू म्हणाल्या. "समुद्राकडं बघा."

पण तात्या समुद्र बघायला गेलेच नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी शाल्मली, ग्रीसमध्ये समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करायची. तिथं तिची ओळख झाली लेफ्टेरिसशी. लेफ्टेरिसच्या वडिलांची, मानोलिसची, मिकोनोसच्या बंदरावर छोटीशी खानावळ. पोरीनं फोनवर सरळ सांगितलं होतं, "बाबा, मला याच्याशी लग्न करायचंय. पण तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर नाही."

आता असं कोणी म्हटलं की बापाची पंचाईत होते. भांडली असती तर सोपं होतं. तात्यांनी ठरवलं, समोर जायचं, माणसं बघायची आणि व्यवस्थित कारण देऊन नाही म्हणायचं. कारणही तयार होतं. "ज्या घरात आपला एक शब्द कळत नाही, तिथं मुलगी द्यायची कशी?" कारण वजनदार आहे की नाही? मलाही पटलं होतं.

मंडळी, आता एक गुपित तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. तात्यांना ते माहीत नव्हतं. ग्रीक भाषेत 'हो'ला म्हणतात 'ने'. आणि 'नाही'ला म्हणतात 'ओही'.

हसू नका, अजून काही झालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मानोलिसनं जेवायला बोलावलं. बंदराला लागून टेबल मांडलेलं, बाजूला दोरीवर आठ पायांचे प्राणी वाळत टाकलेले. काकूंना आधी वाटलं, कोणाचे तरी मोजे असावेत. तात्या गळ्यात तुळशीची माळ घालणारे, शुद्ध शाकाहारी. ते दोरीकडे पाठ करून बसले. तेवढ्यात लेफ्टेरिसची आजी बोटीनं येणार म्हणून शाल्मली आणि तो धक्क्यावर गेले. जाताना ती म्हणाली, "दहा मिनिटांत येते. हातवाऱ्यांनी बोला."

मानोलिसनं पावाची टोपली काकूंपुढे धरली आणि भुवया उंचावल्या. काकूंना भूक लागलेली. म्हणाल्या, "होय, होय."

आपला 'होय' घाईत म्हणून बघा. आता त्यांचा 'ओही' घाईत म्हणून बघा. मानोलिसनं बिचाऱ्यानं टोपली परत नेली.

"अहो, पाव नेला की त्यानं," काकू म्हणाल्या.

"भाषा कळत नाही म्हणतो ते उगाच नाही," तात्या म्हणाले. कारणाचं वजन आणखी वाढलं.

मग मानोलिस आतून एक ताट घेऊन आला. त्या घरात मानाच्या पाहुण्याला जे सगळ्यात चांगलं ते वाढायचे, ते त्यानं आणलं होतं. निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस. ताट तात्यांच्या पुढ्यात धरून तो उभा राहिला, दुसरा हात छातीवर ठेवला आणि गंभीरपणे बोलायला लागला. तुमची मुलगी आमच्या घरी येऊ द्याल का, तिला पोटच्या पोरीसारखी ठेवू, असं तो विचारत होता. तात्यांना त्यातलं काय कळलं? काहीच नाही. त्यांना दिसत होता फक्त एक पाय. गुंडाळलेला, आणि त्यावर ओळीनं बटणं लावल्यासारखे गोल.

"ने," तात्या म्हणाले.

मानोलिसचे डोळे मोठे झाले. त्यानं खात्री करायला पुन्हा विचारलं.

"ने बाबा. ने म्हणतो ना. लवकर ने."

मंडळी, इतक्या ठामपणे जगात कोणी 'हो' म्हटलं नसेल. मानोलिसनं ताट टेबलावर ठेवलं, तात्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि दाराशी टांगलेली घंटा वाजवायला लागला. शेजारचा न्हावी कात्री घेऊन धावत आला, पलीकडची बाई ओले हात पुसत आली. जो येई तो तात्यांना मिठी मारी.

"अहो, काय झालं यांना?" काकूंनी विचारलं.

"ऑक्टोपस नको म्हटलं," तात्या मिठीतून म्हणाले. "इथं त्याचाही सण करतात वाटतं."

तेवढ्यात शाल्मली आली. मानोलिसनं तिला काय ते सांगितलं. ती धावत तात्यांपाशी आली, डोळ्यांत पाणी. "बाबा, तुम्ही हो म्हणालात?"

"कोण म्हणालं? मी त्याला ताट ने म्हणालो."

ती थबकली. सगळं तिच्या लक्षात आलं. तिनं दोन वाक्यांत 'ने' आणि 'ओही' समजावून सांगितलं.

आता बघा, तिनं काय करायला हवं होतं? सगळं बंदर नाचतंय. ती गप्प बसली असती तर? बापानं चारचौघांत मोडता घातला नसता. तुम्ही काय केलं असतं? सांगू नका, मला अंदाज आहे.

शाल्मली म्हणाली, "बसा तुम्ही. मी त्यांना सांगते, चूक झाली."

"अगं, सगळे नाचतायत," काकू म्हणाल्या.

"नाचू दे. चुकून मिळालेला हो मला नको, आई."

आणि ती वळली. तात्या तिच्या पाठीकडे बघत राहिले. तीस वर्षांत किती दुकानदार पाहिले होते त्यांनी. आपल्या फायद्याकडे झुकलेला काटा बघूनही न बघणारे. आणि ही पोर, स्वतःच्या बाजूला झुकलेला काटा स्वतःच्या हातानं सरळ करायला निघाली होती. तिला कोणी तपासायला आलं नव्हतं.

"शाल्मली, थांब," तात्या उठले. "माझा तराजूचा हात बरा आहे, पण कान आता म्हातारे झाले. 'हो'ला काय म्हणतात म्हणालीस?"

"ने."

तात्यांनी तिचा हात धरला. घंटा थांबली. लेफ्टेरिस आजीला हाताला धरून उभा होता, त्याच्यासमोर जाऊन तात्यांनी मुलीचा हात त्याच्या हातात दिला.

"ने," ते म्हणाले.

मंडळी, त्या क्षणी तिथल्या प्रत्येकाला तो शब्द कळला. ग्रीकांना ग्रीकमध्ये, काकूंना मराठीत. आणि तात्यांचं ते वजनदार कारण? ते त्या एका अक्षराच्या वजनाखाली दबून गेलं.

थोड्या वेळानं काकू हळूच म्हणाल्या, "अगं, मग पाव हवा असेल तर मी काय म्हणू?"

तर शब्द कोणाचा? ज्यानं जाणून दिला, त्याचा. पहिला 'ने' तात्यांच्या जिभेचा होता, दुसरा तात्यांचा.

आता तुमच्याकडे वळतो. रोज सकाळी तुम्ही याच देवळात डोळे मिटता. देवा, माझा राग ने. माझी हाव ने. माझा मीपणा ने. आवाज खणखणीत, पण हातानं ताट घट्ट धरलेलं. देवानं ते ग्रीकमध्ये ऐकलं तर? 'हो' समजून तो पुन्हा वाढणारच. तुमच्या घरचा राग इतकी वर्षं का संपत नाही, तुम्हीच बघा.

असो. आता शिरा येतोय. ज्यांना नको असेल त्यांनी हात आडवा करा. 'ने' मात्र कोणी म्हणू नका. वाढायला मीच येतोय, आणि मी आत्ताच ग्रीक शिकलोय.