आईच्या आंब्याचे दोन वाडगे

सख्खा भाऊ काय चीज असतो ते सांगतो, राव. पिंपळवंडीच्या रानाच्या वाटण्या झाल्या, पण बांधावर आईनं लावलेला आंबा मधीच राहिला. तो कुणाचा यावरून मी आन् दादा लई भांडलो, शेवटी झाडच पाडलं. माझं लेथ मशीन हाय. आईची आठवण म्हणून त्या लाकडाचे दोन वाडगे कातले आन् एक दादाला दिला. म्हणलं, "लाकूड ओलं हाय. सहा महिने भुशात, सावलीला ठेव. उन्हात तडकंल."

दादानं तो सरळ पत्र्यावर वाळत टाकला. दोन दिवसांत काठापासून बुडापर्यंत चीर गेली. मग माझ्या दारात येऊन ओरडाय लागला, "मला मुद्दाम खराब लाकूड दिलंस!"

मी भुशाच्या पोत्यातून माझा वाडगा काढला. "लाकूड एकच हाय, दादा. बघ, कसा धड हाय."

त्यानं तो हातात फिरवून फिरवून बघितला. मी चहा सांगायला आत गेलो, तेवढ्यात दादा बी न्हाई आन् वाडगा बी न्हाई.

दोन दिवसांनी त्यानं वाडगा आणून माझ्या ओट्यावर ठेवला. त्याला बी तशीच चीर.

"हे काय केलंस, दादा?"

"आता झाली सारखी वाटणी."