हप्ता आधी घरात

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं, आता थोडं संसाराचं बोलू. मला एक सांगा. माणसानं हौस करावी का?

बघा. पुढच्या रांगेतले आजोबा नाही म्हणून मान हलवतायत. का, तर समोर महाराज उभे आहेत. महाराजांसमोर हौस म्हटली की ती वाईटच असली पाहिजे! आणि मागं बायका बसल्यात, त्या एकमेकींच्या साडीचे काठ बघतायत. त्या काही मान हलवत नाहीत. त्यांचं खरं आहे.

बरं, करावी असं धरून चालू. मग ती कुणाच्या पैशानं करावी? आज आणून उद्या फेडावी, की आधी साठवून मग आणावी? याचं उत्तर मी पोथीत शोधलं, मला काही सापडलं नाही. ते मला बार्शीच्या एका आचाऱ्यानं दिलं. ऐका.

बार्शीत रंगनाथ उपळाईकर म्हणून आचारी आहेत. वय बावन्न. लग्नाचा स्वयंपाक करायचा तर पंचक्रोशीत त्यांनीच. हजार पान असो, दोन हजार पान असो — बुंदी त्यांच्या हातची. त्यांच्या मंडळी कौसल्याबाई. शाळा सातवीपर्यंत, पण सगळा कारभार त्यांच्याकडं. कुठल्या तिथीला कुणाचं लग्न, साखर किती, डाळ किती, ऐनवेळी पाहुणे वाढले तर काय करायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. मुलगी लग्न होऊन सासरी सुखात. घरात दोघंच.

एकदा सोलापुरात मोठ्या घरचं लग्न होतं. रंगनाथ कढईपाशी उभे, झाऱ्यातून बुंदी पडतेय. तेवढ्यात एक वयस्कर डॉक्टर मुदपाकात आले. म्हणाले, "तीस वर्षांत अशी बुंदी खाल्ली नाही. हात पुढं करा, मला तुमच्या हातात हात द्यायचाय."

रंगनाथनी पंच्याला हात पुसला आणि पुढं केला. आणि त्यांची नजर गेली डॉक्टरांच्या मनगटावर. घड्याळ होतं. डॉक्टर माणूस मोठा दिलदार. त्यांनी ते काढलं, उलटं केलं आणि दाखवलं. पाठीला काच! आणि काचेच्या आत एवढी एवढी चाकं फिरतायत. एक चाक दुसऱ्याला ढकलतंय, दुसरं तिसऱ्याला. कुणी थांबत नाही, कुणी घाई करत नाही.

रंगनाथ बघतच राहिले. किती वेळ? कढईतला घाणा करपला, तेवढा वेळ. उभ्या आयुष्यात त्यांचा पहिल्यांदा घाणा करपला.

मंडळी, मला सांगा, यात गर्व कुठं आहे? दुसऱ्याला दाखवायची इच्छा कुठं आहे? एखादं लेकरू जत्रेतला पाळणा बघतं, तसा तो माणूस घड्याळ बघत होता. वस्तू डोळे भरून बघितली, एवढंच.

त्यांनी भीत भीत किंमत विचारली. डॉक्टर म्हणाले, "तीन लाख साठ हजार."

आता तुम्हीसुद्धा पाठ सरळ केली. हो, तीन लाख साठ हजार. तेवढ्या पैशांत आमच्या पेटीवाल्यांना दोन म्हशी येतात. हसू नका, त्यांनी आत्ता मनात हिशोब केला, मी बघितलं.

रंगनाथ घरी आले. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले, मनातलं घड्याळ काही बंद पडेना. शेवटी मसाला आणायचं निमित्त काढून पुण्याला गेले आणि तसली घड्याळं विकणाऱ्या दुकानात शिरले. दुकान म्हणजे काय, थंडगार. आतल्या मुलीनं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कडू कॉफी दिली. हे गरीब, ती साखरेशिवाय प्यायले. मग तिनं तेच घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर बांधलं. मनगटावर तेलानं भाजल्याचे तीस वर्षांचे डाग, आणि त्या डागांवर ते घड्याळ. ती म्हणाली, "काका, छान दिसतंय." आणि खरंच छान दिसत होतं हो.

"पण एवढे पैसे नाहीत माझ्याकडं," रंगनाथ म्हणाले.

"एकदम भरायचेच नाहीत, काका. महिन्याला फक्त सतरा हजार. दोन वर्षं. घड्याळ आजच घरी न्या."

मंडळी, या 'फक्त' शब्दाला जपा. सतरा हजार म्हटलं की घाम फुटतो, आणि फक्त सतरा हजार म्हटलं की कुणीतरी पंख्यानं वारा घालतंय असं वाटतं. मुलीचा काय दोष, तिचं ते काम आहे. ऐकणाऱ्यानं कान उघडे ठेवायचे.

तिनं हप्त्यांचा कागद सहीसाठी पुढं केला. रंगनाथनी पेन हातात घेतलं. आणि ठेवलं. म्हणाले, "घरी विचारून येतो." तो कागद घडी करून खिशात घातला आणि एसटीत बसले.

कौसल्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. यांनी कागद पुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, चाकं, दुकान, कॉफी, काही लपवलं नाही. आणि मान खाली घालून बसले. बोलणी खायची तयारी.

बाईंनी विचारलं, "ते लोकांना दाखवायला पाहिजे, का तुम्हाला बघायला?"

रंगनाथनी जरा विचार केला. "मला बघायला."

"मग घ्या."

काय म्हणाल्या? घ्या! इथल्या किती नवऱ्यांना हा शब्द ऐकायला मिळालाय? राहू द्या, हात वर करू नका, घरी जायचंय.

मग त्यांनी कागद उचलला. बोटांवर हिशोब केला. "चार लाख आठ हजार होतात. घड्याळ तर तीन साठचं. हे अठ्ठेचाळीस हजार कशाचे?"

"लगेच मिळतं ना, त्याचे."

"म्हणजे घाईचे. अठ्ठेचाळीस हजाराची घाई आहे का आपल्याला?" आणि जरा थांबून म्हणाल्या, "शिवाय आषाढ लागला की लग्नं थांबणार. मग हप्ता कुठून भरायचा?"

रंगनाथनी कागदाची परत घडी घातली.

"असं करा," बाई म्हणाल्या. "घड्याळ घेतलं असं समजा. हप्ता या महिन्यापासून सुरू. पण तो दुकानाला द्यायचा नाही, मला द्यायचा. मी पतसंस्थेत दोघांच्या नावानं ठेवते."

"आणि घड्याळ?"

"ते राहील दुकानात. तिथं गार हवा आहे, त्याला काही त्रास नाही."

तर मंडळी, हप्ता सुरू झाला. दर पाच तारखेला कौसल्याबाई दारात उभ्या. "हप्ता?" कधी रंगनाथ म्हणायचे, उद्या देतो. बाई म्हणायच्या, "पाचशे रुपये दंड." आणि घ्यायच्या, बरं का! सोडायच्या नाहीत. रंगनाथनी पान-तंबाखू कमी केली. एक जुनी मोटारसायकल नुसती दारात उभी होती, ती विकली. वैशाख, ज्येष्ठ जोरात गेले. आणि आला आषाढ.

तिथी संपल्या. रंगनाथ दिवसभर ओट्यावर बसून. मग एक दिवस उठले, घरातच कढई चढवली, शेव आणि चिवडा करून गल्लीतल्या दुकानांना द्यायला लागले. श्रावणात सत्यनारायणाचा प्रसाद, मंगळागौरीचं जेवण, मिळेल ते घेतलं. पूर्वी पन्नास पानांच्या खाली जे बघत नव्हते, ते आता पंधरा पानांचा स्वयंपाक हसत करून यायचे. तरी भाद्रपदात हप्ता पुरा होईना. अकराशे रुपये हातात घेऊन ते बायकोपुढं उभे राहिले.

कौसल्याबाईंनी ते त्यांच्याच खिशात परत घातले. "हे दोन महिने सोडून दिले. दिवाळीनंतर बघू."

रंगनाथ तिथंच खाली बसले. म्हणाले, "अगं, दुकानाचा कागद केला असता तर आज काय झालं असतं?" बाई उठल्या. चहा टाकायला आत गेल्या. शहाणी माणसं अशा वेळी चहा टाकतात.

दुसऱ्या वर्षी मात्र परीक्षा आली. माघ महिना, लग्नं ऐन भरात, आणि कौसल्याबाईंच्या पोटात कळ. आधी अंगावर काढली, मग सहन होईना. पित्ताशयात खडे. ऑपरेशन करायला लागणार होतं. खर्च पासष्ट हजार. रंगनाथनी क्षणाचा विचार केला नाही. पतसंस्थेत गेले, पैसे काढले, भरले. दोन ठरलेली लग्नं दुसऱ्या आचाऱ्याला दिली आणि बायकोच्या खाटेशी बसून राहिले. ज्या माणसानं हजारोंना जेवू घातलं, तो वाटीत पेज घेऊन एका माणसाला चमच्याचमच्यानं भरवत होता.

तिसऱ्या दिवशी बाईंना जरा बरं वाटलं. तेव्हा रंगनाथ म्हणाले, "मला घड्याळ नको आता."

बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "मनातून गेलं, का माझ्यापायी म्हणताय?"

आता इथं खोटं बोलता येतं, मंडळी. नवरा इथं खोटं बोलला तर देवसुद्धा कानाडोळा करेल. पण तो माणूस सरळ. म्हणाला, "तुझ्यापायी."

"मग थांबायचं नाही. खड्डा पडलाय, तो भरून काढा. मी काय काचेची आहे? पंधरा दिवसांत उभी राहते."

राहिल्या हो! आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला, एक हात पोटाशी धरून, दारात येऊन उभ्या. "हप्ता?" रंगनाथ हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

असं करत अडीच वर्षं गेली. आता तुम्ही मनात म्हणत असाल, महाराज आता सांगणार — पैसे जमले, पण रंगनाथना वैराग्य आलं, त्यांनी सगळे मंदिराला दिले. तसं सांगितलं असतं तर माझ्या कीर्तनाला शोभलं असतं. पण तसं झालं नाही. त्यांनी घड्याळ घेतलं!

दोघं मिळून पुण्याला गेले. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. किंमत मधल्या काळात पंधरा हजारांनी वाढली होती, ती पतसंस्थेच्या व्याजातून निघाली. दुकानातल्या माणसानं विचारलं, "हप्ते करून देऊ का?"

रंगनाथ म्हणाले, "हप्ते भरून झाले."

तो माणूस गोंधळला. कौसल्याबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. घड्याळ हातात आल्यावर रंगनाथनी ते आधी उलटं केलं आणि बायकोला पाठीची काच दाखवली. बाईंनी नीट निरखून बघितलं. म्हणाल्या, "खरंच, छान आहे. मला वाटलं होतं तुम्ही वाढवून सांगताय."

मी त्यांना भेटलो तो वैराग गावच्या एका लग्नात. जेवणं झाल्यावर आत गेलो. रंगनाथ पुरीचं पीठ मळत होते, कोपरापर्यंत हात भरलेले. आणि घड्याळ कुठं? कौसल्याबाईंच्या मनगटावर! हिरव्या बांगड्यांच्या मधोमध. कामाच्या वेळी ते त्याच घालतात. वाढपी येऊन त्यांना विचारतात, काकू, पंगत कधी बसवायची? त्या ऐटीत हात वर करून वेळ बघतात आणि सांगतात.

रंगनाथनी मला बाजूला घेऊन विचारलं, "महाराज, एवढ्या किमतीची वस्तू अंगावर घालतो आम्ही. पाप तर नाही ना?"

मी काय सांगणार? माझ्या खिशातला फोन हप्त्यावरचा होता. पडून काच फुटलेली, आणि सात हप्ते अजून राहिलेले. मी त्या माणसाला नमस्कार केला आणि म्हटलं, "रंगनाथ, पापाचं मला विचारू नका. मला ती चाकं दाखवा." त्यांनी दाखवली. मंडळी, काय सांगू तुम्हाला, आम्ही तिघं पोरांसारखे बघत उभे राहिलो.

तर आता तुमचं. तुमच्या मनात काही ना काही आहे. कुणाला गाडी पाहिजे, कुणाला पैठणी, कुणाला भिंतीएवढा टीव्ही. देव म्हणत नाही, मन मार. पण उद्या सकाळी त्याचा पहिला हप्ता काढा आणि घरातल्या ज्या माणसावर तुमचा विश्वास आहे, त्याच्या हातात ठेवा. तीन महिने ठेवून बघा. हौस उसनी असेल तर तोवर विरून जाईल, आणि पैसे तुमच्याच घरात राहतील. हौस खरी असेल, तर वाट बघण्यातसुद्धा गोडी येईल. मध्ये दुखणं आलं, पाहुणा आला, तरी कुणी दार ठोठावणार नाही.

आणि घरातल्या माणसांनो, तुमच्याकडं कुणी असा मनातला कागद घेऊन आलं, मान खाली घालून बसलं, तर लगेच नाही म्हणू नका. हसू तर मुळीच नका. आधी विचारा, तुम्हाला हे का पाहिजे? आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. कितीतरी घरांत वीस-वीस वर्षं हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नसतो. आज घरी जाऊन विचारा. पैसे लागत नाहीत त्याला. म्हणा पांडुरंग!